सातवा दिवस कोणाचा?

जुने दस्तऐवज वाचताना वकिलाची दृष्टी नावे, चतुःसीमा आणि स्वाक्षऱ्या यांवर खिळलेली असते. तारखेसोबत लिहिलेल्या वाराकडे तिचे सहसा लक्ष जात नाही. गोव्यातील पोर्तुगीज अमदानीचे कागद चाळता चाळता मात्र एक गोष्ट माझ्या ध्यानी आली. त्या भाषेत सोमवारापासून शुक्रवारापर्यंतच्या वारांना स्वतःची नावे नाहीत; दुसरा, तिसरा, चौथा असे नुसते अनुक्रम आहेत. नावे लाभली आहेत ती दोनच वारांना : 'दोमिंगु', म्हणजे प्रभूचा दिवस, आणि 'साबादु', म्हणजे शब्बाथ. ज्या राजवटीच्या धर्मन्यायालयाने शनिवारी स्वच्छ वस्त्रे नेसणे आणि शुक्रवारी सांजवेळी दिवे उजळणे ही गुप्त यहूदीपणाची खूण मानली, ज्या न्यायालयाने गोव्यातील विख्यात वैद्य गार्सिया द ओर्ता याची अस्थी १५८० मध्ये थडग्यातून उकरून जाळविली, त्या राजवटीच्या प्रत्येक शनिवारच्या कागदावर यहूद्यांच्या पवित्र दिवसाचे नाव निमूटपणे उमटत राहिले. माणसे जाळता येतात. भाषेतून दिवस पुसता येत नाही.

हा शब्बाथ म्हणजे काय? आपण त्याला 'सुट्टी' म्हणून मोकळे होतो. परंतु हिब्रू भाषेत ज्या धातूपासून हा शब्द साधला आहे त्याचा अर्थ 'थांबणे' असा आहे. थकला म्हणून थांबणे वेगळे, आणि थांबण्याची आज्ञा आहे म्हणून थांबणे वेगळे. पहिली शरीराची गरज होय. दुसरे व्रत होय. शब्बाथ हे व्रत आहे, आणि तेही एकट्याने आचरावयाचे नव्हे.

यहूद्यांच्या धर्मग्रंथात दहा आज्ञा दोनदा आल्या आहेत. एकदा 'निर्गम' या पुस्तकात आणि पुन्हा 'अनुवाद' या पुस्तकात. दोन्हीकडे सातव्या दिवसाची आज्ञा आहे, पण तिचे कारण मात्र निराळे दिले आहे. पहिल्या ठिकाणी कारण विश्वाचे आहे : परमेश्वराने सहा दिवसांत सृष्टी रचली आणि सातव्या दिवशी तो थांबला, म्हणून मनुष्यानेही थांबावे. दुसऱ्या ठिकाणी कारण इतिहासाचे आहे : तुम्ही मिसर देशात गुलाम होता आणि परमेश्वराने तुम्हांला तेथून सोडविले, हे स्मरून तुम्ही थांबावे, आणि तुमच्या दासाला व दासीलाही तुमच्याप्रमाणेच विसावा मिळावा. आज्ञेच्या यादीत पुत्र आणि कन्या आहेत, दास-दासी आहेत, बैल आणि गाढव आहेत, वेशीच्या आत राहणारा परकाही आहे. कायद्याच्या अभ्यासकाला ही यादी महत्त्वाची वाटते. कारण कोणत्याही नियमाचा खरा हेतू त्याच्या प्रस्तावनेपेक्षा, तो कोणाकोणाला लागू केला आहे, यावरून अधिक उघड होतो.

या दिवसाचा उगम कोठे, याविषयी विद्वानांत एकमत नाही. प्राचीन बाबिलोनमध्ये पौर्णिमेच्या दिवसाला 'शपत्तु' असे नाव होते. तसेच महिन्याच्या सातव्या, चौदाव्या, एकोणिसाव्या, एकविसाव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी राजाने अमुक कर्मे करू नयेत असा संकेत होता. नामसादृश्य पाहून कित्येकांनी शब्बाथचे मूळ तेथे शोधले. ते खरे मानले तरी फरक डोळ्यांआड करता येत नाही. बाबिलोनचे दिवस चंद्राला बांधलेले होते. शब्बाथ चंद्रकलांची पर्वा न करता अखंड सातांच्या फेऱ्याने येतो. आणि तेथील दिवस अशुभ म्हणून राजा थांबत असे. येथील दिवस पवित्र म्हणून गुलामही थांबतो. सिंहासनावरची भीती झोपडीतल्या हक्कात पालटावी, ही मानवी नीतीच्या इतिहासातील लहान घटना नव्हे.

तथापि कोणतीही आज्ञा व्यवहारात उतरली की तिला तपशील फुटतात. 'काम' म्हणजे काय? इसवी सन २००च्या सुमारास संकलित झालेल्या मिश्ना या ग्रंथाने निषिद्ध कर्मांचे एकोणचाळीस प्रकार गणले. त्यांत पेरणी आहे, कापणी आहे, विणणे आहे, अग्नी पेटविणे आणि विझविणे आहे. दोन अक्षरे लिहिणेसुद्धा आहे. आपल्या निर्णयसिंधूशी किंवा धर्मसिंधूशी परिचय असणाऱ्यास या सूक्ष्मतेचे आश्चर्य वाटणार नाही. आणि सूक्ष्मतेबरोबर अपवादही आले. इसवी सनापूर्वी १६७च्या सुमारास ग्रीक राजसत्तेच्या सैनिकांनी शब्बाथच्या दिवशी हल्ला केला तेव्हा काही श्रद्धाळू यहूद्यांनी शस्त्र उचलण्यापेक्षा मरण पत्करले, आणि बायकामुलांसह सुमारे एक हजार माणसे मारली गेली, असे मक्काबींच्या इतिहासात नमूद आहे. त्यानंतर त्यांच्या नेत्यांनी ठरविले की, त्या दिवशी स्वसंरक्षण करावे. पुढे प्राणरक्षणासाठी शब्बाथ मोडणे केवळ क्षम्य नव्हे तर कर्तव्य होय, हा यहूदी धर्मशास्त्राचा पक्का सिद्धांत झाला.

येशू ख्रिस्त आणि परुशी यांच्यामधील शब्बाथचा प्रसिद्ध वाद या पार्श्वभूमीवर वाचला पाहिजे. भुकेल्या शिष्यांनी शेतातली कणसे खुडली. वाळलेल्या हाताचा मनुष्य त्याच दिवशी बरा केला गेला. दिवस मनुष्यासाठी निर्माण झाला, मनुष्य दिवसासाठी नव्हे, असा येशूच्या उत्तराचा आशय आहे. हे उत्तर शब्बाथ नाकारीत नाही. त्याचे प्रयोजन सांगते. आणि दिवस तुमच्या स्वाधीन केला आहे, तुम्हांला त्या दिवसाच्या स्वाधीन केलेले नाही, हा विचार यहूदी आचार्यांच्या वाङ्मयातही आढळतो. तेव्हा वाद तत्त्वाचा कमी आणि अपवादाच्या मर्यादेचा अधिक होता, असे म्हणणे न्यायाचे ठरेल.

मग शनिवारचा रविवार कसा झाला? ख्रिस्ताचे पुनरुत्थान आठवड्याच्या पहिल्या दिवशी झाले, या श्रद्धेने आरंभीचे ख्रिस्ती लोक त्या दिवशी एकत्र जमत. इसवी सन १५०च्या सुमारास जस्टिन या लेखकाने अशा रविवारच्या सभेचे वर्णन केले आहे. पण तो उपासनेचा दिवस होता, विश्रांतीचा नव्हे. रोमन साम्राज्यात त्या दिवशी सर्वांचे कामकाज नेहमीप्रमाणे चाले. विश्रांती आली ती राजाज्ञेने. इसवी सन ३२१च्या मार्चमध्ये सम्राट कॉन्स्टंटाइनने सूर्याच्या पूज्य दिवशी न्यायाधीशांनी, नगरवासीयांनी आणि कारागिरांनी काम थांबवावे असा कायदा केला. शेतकऱ्याला मात्र हंगाम हुकू नये म्हणून मोकळीक ठेवली. त्याच वर्षी जुलैमध्ये दुसरी आज्ञा निघाली : रविवारी न्यायालये बंद असली तरी गुलामाला मुक्त करण्याचा विधी करता येईल. त्या दिवशी भांडणे नकोत, पण बेडी तोडावयाची असेल तर न्यायालयाचे दार उघडे आहे! मिसरमधील गुलामगिरीचे स्मरण आणि रोमन सम्राटाचा हा अपवाद यांच्यामधील नाते ज्याला दिसेल, त्याला शब्बाथचे मर्म गवसले असे मी म्हणेन.

येथे एक आक्षेप विचारात घेतला पाहिजे. ज्या शास्त्राने सातव्या दिवशी दासाला विसावा दिला, त्याने उरलेले सहा दिवस त्याचे दास्य तसेच ठेवले. मग ही दया म्हणजे जोखडाला लावलेले तेलच नव्हे काय? आक्षेप खोटा नाही. परंतु सहा दिवस जो दुसऱ्याचा आहे तो सातव्या दिवशी कोणाचाच नाही, असे एकदा मान्य केले की 'मग तो मुळात कोणाचा?' हा प्रश्न फार काळ दडपता येत नाही.

दुसरा आक्षेप स्वातंत्र्याचा. ज्याला काम करावयाचे आहे त्याला कायद्याने का थांबवावे? याचे उत्तर मला मुंबईच्या गिरण्यांत सापडते. यंत्रापाशी उभ्या असलेल्या मजुराला सुट्टी घेण्याची मनाई नव्हती. पण एकट्याने घेतली तर जागा जाई. सर्वांना एकदम थांबविणारा नियम असल्याखेरीज एकेकट्याचे थांबण्याचे स्वातंत्र्य पोकळ असते. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ पासून हीच मागणी लावून धरली, आणि १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी साप्ताहिक सुट्टी मान्य केली. रविवार हा खंडोबाचा वार, असे कारण त्या वेळी पुढे केले गेल्याचे सांगतात. कॉन्स्टंटाइनच्या रविवाराला जेजुरीच्या देवाचा आधार मिळावा यात मला विसंगती वाटत नाही. कष्टकऱ्याच्या विसाव्याला जो देव साक्षी राहील तो योग्यच.

परंतु सर्वांचा एकच दिवस ठरविला की अल्पसंख्याकाचे काय, हा तिसरा आणि सर्वांत बिकट प्रश्न. अमेरिकेतील फिलाडेल्फियाच्या काही यहूदी व्यापाऱ्यांनी तो न्यायालयात नेला. धर्माने शनिवारी दुकान बंद, कायद्याने रविवारी बंद. आठवड्याचे दोन दिवस गेले. १९६१ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या विरुद्ध निर्णय दिला. दोनच वर्षांनी, शनिवारी काम नाकारल्याने नोकरी गमावलेल्या एका ख्रिस्ती स्त्रीला बेकारी-भत्ता नाकारता येणार नाही, असा निकाल त्याच न्यायालयाने दिला. दोन्ही निकालांचा मेळ घालणे कठीण आहे, आणि ती कठीणताच बोलकी आहे.

याबाबतीत आपल्या कोकणाने कोणत्याही न्यायालयावाचून एक वाट काढली होती. कुलाबा जिल्ह्यातील बेने इस्रायल लोक तेलाचा घाणा चालवीत आणि शनिवारी तो बंद ठेवीत; म्हणून शेजारी त्यांना 'शनिवार तेली' म्हणत. शिवभक्त हिंदू तेली सोमवारी घाणा थांबवीत. ते 'सोमवार तेली'. ना छळ, ना वाद. दिवसाचे अंतर फक्त नावात राहिले. मला या चित्रात सर्वांत भावतो तो बैल. मालक कोणत्याही देवाचा असो, डोळ्यांवरची झापड त्या दिवशी निघत असे.

आता थोडे स्वतःकडे. आपल्या मंदिरांतही वार आहेत. मंगेशीला सोमवारची पालखी आहे, घरोघरी एकादशी आहे. पण एकादशीच्या दिवशी आपल्या घरात चूल थंड असते का? वरई, साबुदाणा, रताळी, शेंगदाण्याची आमटी. उपवास यजमानाचा आणि दुप्पट राबणूक गृहिणीची. आणि माझा रविवार? कित्येक वर्षे मी तो निवांत वाचनात घालवितो असे समजत होतो. एकदा सोमवारच्या खटल्याचे कागद टंकलिखित करून घेताना माझ्या कारकुनाने सहज सांगितले की, धाकट्या मुलीचा आज वाढदिवस आहे, म्हणून जमल्यास लवकर जावे म्हणतो. त्या क्षणी माझ्या लक्षात आले की, माझ्या विसाव्याचा खर्च दुसऱ्या कोणाच्या तरी खाती लिहिला जात होता. मी त्याला तत्काळ जाऊ दिले, हे काही औदार्य नव्हे. त्यापूर्वीच्या किती रविवारी तो काही न बोलता बसला असेल, याचा हिशेब मला आजही देता येत नाही.

शब्बाथ पाळावा असे मी कोणाला सांगत नाही. तो ज्यांचा आहे ते पाळतीलच. पण त्या जुन्या आज्ञेने घालून दिलेली कसोटी कोणत्याही धर्माच्या मनुष्याला लागू पडते. आपला पवित्र दिवस किती पवित्र, हे आपण त्या दिवशी किती वेळ देवापुढे बसलो यावरून ठरत नाही. आपण बसलो असताना उभे कोण होते, यावरून ते ठरते.