अर्ध्यावर थांबलेली चीर

सकाळी सहाला उठायची सवय देश बदलला तरी जात नाही. पिट्सबर्गला लेकीकडे आले की घरात सगळ्यांत आधी मीच जागी. चहा होतो, पातेलं विसळून होतं, आणि मग हात रिकामे राहतात. परवा मशीनमधले ओले कपडे बादलीत काढले आणि मागच्या अंगणात गेले.

"आई, ड्रायर आहे की गं," लेक झोपेतच म्हणाली.

आहे, ठाऊक आहे. पण ऊनही आहे.

दोरी शेजारणीने बांधून दिली होती. ऐंशी ओलांडलेली बाई. तिचं बोलणं मला निम्मं कळतं, माझं तिला त्याहून कमी. तरी आमचं बरं चाललं आहे. दोरीबरोबर तिने कुंपणावरून पत्र्याचा एक डबाही दिला. आत चिमटे.

चिमटे म्हणावेत की नाही, इथपासूनच अडलं. आपला चिमटा दोन पायांचा, मध्ये स्प्रिंग. दाबला की तोंड उघडतो, सोडला की चावतो. हे त्या जातीचे नव्हते. बोटाएवढी गोल लाकडी दांडी. वर बोंडासारखं डोकं. खालून अर्ध्याहून थोडी वरपर्यंत गेलेली एक चीर. संपलं. तार नाही, खिळा नाही. एकच लाकूड.

चादरीची कड दोरीवरून दुमडायची आणि हा वरून सरकवायचा. चीर तोंडाशी रुंद असते, वर अरुंद होत जाते. दोरी आणि कापड तिच्यात शिरतात तसे दोन्ही पाय किंचित फाकतात. फाकलेले पाय परत जवळ यायला बघतात. तेवढ्या ओढीवर ओली चादर राहते. ओढणी असेल तर अजून खाली दाबायचा, टॉवेल असेल तर आधीच थांबायचं. कापड जेवढं मागेल तेवढाच त्याचा जोर.

एक चिमटा हातात घेऊन मी जरा उभी राहिले. चीर शेवटपर्यंत गेली असती तर दोन काटक्या हाती आल्या असत्या. पडलीच नसती तर नुसती दांडी. अर्ध्यावर थांबली, म्हणून धरता आलं.

माणसाला मात्र एवढ्याने चैन पडत नाही. १८५३ साली व्हरमाँटमधल्या स्प्रिंगफील्डच्या डेव्हिड स्मिथने दोन पाय वेगळे केले, मध्ये स्प्रिंग बसवली आणि पेटंट घेतलं. नेहमीचा चिमटा वाऱ्याने कपड्यावरून निघून जातो, ही त्याची तक्रार. तक्रार खरी आहे. पहिल्याच दिवशी माझा एक टॉवेल कुंपणापलीकडे गेला. पुढे १८८७ मध्ये त्याच राज्यातल्या सोलन मूरने एकाच तारेची वेटोळी स्प्रिंग काढली. आज आपल्या गॅलरीत असतो तो चिमटा जवळजवळ तोच. १८५२ ते १८८७ या पस्तीस वर्षांत अमेरिकेत कपड्यांच्या चिमट्यांची १४६ पेटंटं दिली गेली. एका चिमट्यासाठी इतकं डोकं चाललं याचं मला कौतुक वाटतं. डोकं बहुधा पुरुषांचं, आणि दोरीखाली उभी बाई, हा माझा अंदाज आहे. चुकला तर आनंदच.

याच पेनसिल्व्हेनियात, फिलाडेल्फियाच्या सिटी हॉलसमोर, क्लेस ओल्डेनबर्ग यांनी केलेला ४५ फूट उंच पोलादी चिमटा १९७६ पासून उभा आहे. जावयाने फोनवर फोटो दाखवला. तो स्प्रिंगचा आहे. पुतळे कामाला आलेल्यांचे होतात, आधी येऊन गेलेल्यांचे क्वचितच. आणि जिथे चिमट्यांची एवढी घडामोड झाली त्या व्हरमाँटला २००९ मध्ये कायदा करावा लागला, की अंगणात कपडे वाळत घालायला कुणी बंदी करू नये. वाळणारे कपडे दिसले की वस्तीची शोभा जाते, असं मानणाऱ्या सोसायट्या तिकडे आहेत. वाचून हसू आलं. मग आमच्या सोसायटीची नोटीस आठवली, आणि हसू आवरलं.

मुंबईत महालक्ष्मीच्या धोबीघाटावर तर चिमटाच नाही. दोन दोर एकमेकांत पिळून ताणलेले असतात. त्या पिळात कपड्याचं टोक खोचायचं, झालं. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, असं आपण तोंड वाकडं करून म्हणतो. तिथे त्या पिळावर गावाचे शर्ट वाळतात.

शेजारणीकडे दुसरा एक डबा आहे. त्यातल्या चिमट्यांनी कपडे वाळत घालायचे नाहीत, हे तिने मला दोनदा बजावलं. ते स्वयंपाकघरातले. शनिवारी तिने बोलावलं तेव्हा कळलं. चिमट्यांना चांदीचा कागद गुंडाळलेला, वर तुपाचा हात फिरवावा तसा लोण्याचा हात. लाटलेल्या पिठाच्या बोटभर रुंद पट्ट्या कापलेल्या. पट्टी चिमट्याच्या अंगावर तिरकी गुंडाळत न्यायची, प्रत्येक वेढा आधीच्यावर थोडा चढवत. मग ओव्हन, १९० अंशांच्या आसपास. लाकूड तेवढी धग सोसतं. प्लॅस्टिकच्या चिमट्याचं काय झालं असतं ते सांगायला नको.

याला इथे लेडी लॉक म्हणतात, म्हणजे बाईच्या केसांची बट. साधं नाव चिमटा-कुकी. पिट्सबर्गच्या आणि पलीकडे ओहायोतल्या यंगस्टाउनच्या लग्नांत केकच्या जोडीला कुकींचं एक लांब टेबल मांडतात. आत्या, मावश्या, शेजारणी, सगळ्या आपापल्या घरून करून आणतात. त्या टेबलावर ही बट हवीच. कुणाच्या किती नाजूक झाल्या, हे बायका बघतात. बोलत नाहीत, बघतात. मला रुखवत आठवलं. तिथेही हेच चालतं.

भाजून निघाल्यावर खरं काम. चिमटा आतून काढायचा. गरमागरम असताना ओढला तर पापुद्रे तुटतात. गार झाल्यावर ओढला तर चिकटून बसतो. मधला थोडा वेळ असतो, कोमट. तेव्हा बोंड धरून हलकंसं फिरवायचं, म्हणजे तो निसटतो. माझ्या पहिल्या तीन मोडल्या. चौथीला शेजारणीने माझ्या हातावर हात ठेवला आणि थांबवलं. काही बोलली नाही. थोड्या वेळाने हात उचलला. मी फिरवलं. सुटला.

आत पोकळी राहिली, चिमट्याएवढी. सायीसारखं क्रीम तिच्यातच भरतात.

तोच चिमटा अंगणात कापड धरून ठेवतो. ओव्हनमध्ये त्याचं काम निघून जाण्याचं. आकार तोच, लाकूड तेच. त्याला यात काही वेगळं वाटत नसेल. मला मात्र त्या चौथ्या बटीपाशी जरा वेळ लागला. लेकीने या घराची किल्ली मला दिली तो दिवस आठवला, आणि मी तिला परदेशी पाठवलं तोही. कोणता दिवस कोमट होता, ते अजून ठरवता येत नाही.

आज पुन्हा बादली घेऊन बाहेर आले. गवत ओलं होतं. डब्यात हात घातला तर एक चिमटा वेगळा लागला. उन्हात धरून पाहिला. बोंडावर शाईचे दोन ठिपके, पुसट झालेले. खाली एक तिरकी रेघ, ते तोंड. पोटावर कधी तरी कापड गुंडाळलं असावं, तेवढं लाकूड उजळ राहिलं होतं. बोंड म्हणजे डोकं, चीर पडली की दोन पाय. बाहुली करायला आणखी काय लागतं? आपल्याकडे हिला ठकी म्हटलं असतं. शेजारणीच्या लेकी आता पन्नाशीच्या पुढे असतील. एकीची ठकी कधी तरी खेळातून उठली असेल आणि सरळ दोरीवर कामाला लागली असेल.

चादर टाकली. चार साधे चिमटे लावले. पाचवी ही. घट्ट बसली. तिचं तोंड भिंतीकडे आलं होतं, ते फिरवून रस्त्याकडे केलं. शाळेची पिवळी बस यायची वेळ झाली होती.