नदीचा निवाडा कोणी करावा?

उत्तरेस वैतरणा, दक्षिणेस उल्हास नदीची खाडी. ह्या दोहोंमध्ये वसलेल्या वसईकराला पाण्याची रीत शिकवावी लागत नाही, अशी आपली समजूत होती. २०१८ च्या जुलैत आपला परिसर कित्येक दिवस पाण्याखाली राहिला, तेव्हा आपण एकमेकांना एकच प्रश्न विचारीत होतो : पाण्याच्या वाटा बुजविण्याचे ठरविले कोणी? प्रश्न रास्त होता. पण त्याच्या पोटात दुसरा एक प्रश्न दडला होता : हे ठरत असताना आपण कोठे होतो?

कायद्याने आपल्यापुढे दार अगदीच लावून घेतलेले नाही. शहराचा विकास आराखडा प्रसिद्ध होतो, तेव्हा हरकती व सूचना मागविल्या जातात. मोठ्या प्रकल्पांसाठी १९९७ साली जनसुनावणी आली. २००६ च्या अधिसूचनेनुसार तिची किमान ३० दिवसांची पूर्वसूचना द्यावी लागते, अहवालाचा सारांश लोकांच्या भाषेत ठेवावा लागतो आणि झालेल्या चर्चेचा गोषवारा शेवटी वाचून दाखवावा लागतो. मात्र त्याच अधिसूचनेत आणखी एक तरतूद आहे : सुनावणी सुरू करण्यास गणसंख्येची अट नाही. रिकाम्या खुर्च्यांसमोरही 'लोकांना विचारले' अशी नोंद होऊ शकते. आपल्या गैरहजेरीलाही मत असते, आणि ते नेहमी एकाच बाजूला पडते.

नद्यांचे प्रश्न तज्ज्ञांचे, सामान्य माणसाला त्यातले काय कळते, असा आक्षेप घेतला जातो. पाण्याचा विसर्ग तज्ज्ञालाच मोजता येईल, हे खरे. परंतु कोणत्या वर्षी पाणी कोणाच्या ओट्याला लागले, हे शेतकरी आणि कोळी सांगतील. शिवाय किती पूर सोसावा आणि कोणी सोसावा, हा गणिताचा नव्हे, न्यायाचा प्रश्न आहे. तो सोसणाऱ्याला वगळून सुटत नाही. पोप फ्रान्सिस ह्यांनीही २०१५ च्या 'लाउदातो सी' ह्या परिपत्रकात अशा चर्चेत स्थानिक जनतेला विशेष स्थान मागितले आहे. परिणामांचा विचार योजना आखून झाल्यावर नव्हे, तर आरंभापासूनच व्हावा, असे सुचविले आहे.

येथवर आपले सर्वांचे एकमत होईल. अडचण पुढे आहे. पूर्वजांनी खणलेली बावखले आपल्यापैकीच काहींनी मातीने भरली. त्यासाठी कोणतीही जनसुनावणी झाली नाही. आणि आपल्या नळाला जे पाणी येते, ते सूर्या नदीचे. डहाणू, विक्रमगड, पालघर ह्या भागांतील शेतीच्या सिंचनासाठी बांधलेल्या प्रकल्पातून ते शहरांकडे वळविले गेले. तेथील आदिवासी शेतकऱ्यांनी आपले पाणी मागितले, तेव्हा त्यांचा आवाज आपल्या कानी आला होता काय? आपल्या खाडीविषयी आपल्याला विचारावे, असे म्हणणाऱ्या आपण त्यांच्या नदीविषयी त्यांना विचारले होते काय?

तहानलेल्या शहराने पाणी मागू नये, असे आम्ही म्हणत नाही. आम्हीही तेच पाणी पितो. परंतु सहभाग म्हणजे केवळ आपल्या वाट्याची खुर्ची मिळविणे नव्हे. नदीला वरचे गाव असते आणि खालचेही. आपण खालचे असतो, तेव्हा न्याय मागतो; नळ सोडताना मात्र विसरतो की, ह्या पाण्याच्या वाटेवर आपल्याही आधी कोणी तरी उभे आहे. स्थानिकांचे बहुमतही स्वार्थी असू शकते, ह्याचा पुरावा शोधण्यास आपल्याला दूर जावे लागत नाही.

म्हणून पुढच्या हरकतीच्या अर्जावर सही करावी, सुनावणीला अवश्य जावे, सारांश वाचून जावे, बोलावे. पण बोलावयास उठण्यापूर्वी सभागृहात कोण नाही, हे एकदा पाहून घ्यावे. जे येऊ शकले नाहीत त्यांचे म्हणणे आपल्या तोंडून निघाले, तरच नदीविषयी बोलण्याचा आपला अधिकार खरा ठरेल.