झऱ्याची वतनदारीण

ग्रीक पुराणकथा मराठीत सांगताना 'निम्फ' या शब्दासाठी आपण सर्रास 'अप्सरा' म्हणतो, आणि 'अप्' म्हणजे पाणी ही व्युत्पत्ती ध्यानी घेतली तर तो प्रतिशब्द सकृद्दर्शनी निर्दोषही वाटतो. परंतु आपल्या पुराणांतली अप्सरा इंद्राच्या दरबारची चाकरी करणारी, हुकूम होताच कुणा ऋषीच्या तपोभंगासाठी रवाना होणारी, तर ग्रीकांची नायड, म्हणजे गोड्या पाण्याची निम्फ, ही एकाच झऱ्याची वतनदारीण, जिची हद्द त्याच्या काठाशीच संपते. ग्रीक कवी हेसिअडने महासागरदेव ओशनसच्या कन्यांची संख्या ३००० सांगितली खरी, पण नद्यांविषयी लिहिताना, सगळ्यांची नावे घेणे मर्त्य माणसाला कठीण असले तरी ज्या नदीच्या काठी जो राहतो त्याला तिचे नाव ठाऊक असते, असेही तो सांगून जातो, आणि माझ्या मते जलदेवतांचे सारे मर्म तिथेच आहे.

अरेथुसा या निम्फची कथा मात्र ही हद्द ओलांडते. आल्फेओस नदाने पाठलाग केला तेव्हा ती ग्रीसमधून समुद्राखालून निसटली आणि सिसिलीतील सिराक्यूजच्या ऑर्टिजिया बेटावर झरा होऊन वर आली. नदही मागोमाग आला. ऑलिंपियाजवळ नदीत टाकलेला पेला या झऱ्यात सापडला, असा पुरावा लोक देत. त्यावर भूगोलकार स्ट्रेबोने एखाद्या चोख कारकुनाप्रमाणे हरकत नोंदवली, की आल्फेओस तर सर्वांच्या डोळ्यांदेखत समुद्राला मिळतो. हरकत बिनतोड आहे. तरीही ख्रिस्तपूर्व पाचव्या शतकाच्या अखेरीस नाण्यांचे ठसे कोरणाऱ्या किमोनने सिराक्यूजच्या चांदीच्या नाण्यावर कोरली ती अरेथुसाच: मोकळ्या केसांची, आणि त्या केसांतून पोहणारे डॉल्फिन. मायदेश सोडून आलेल्या वसाहतकऱ्यांना आपले पाणीही मागून आले असे वाटणे स्वाभाविकच होते.

घागर भरायला गेलेल्या, हेराक्लिसचा सोबती असलेल्या हायलासला झऱ्यातल्या निम्फांनी आत ओढून नेले, ही कथा आपल्याकडची एखादी आजी ऐकेल तर तिला ती मुळीच परकी वाटणार नाही. डोहाकाठचे आसरांचे शेंदूर फासलेले सात दगड तिने पाहिलेले असतात आणि सांजवेळी तिकडे जाऊ नये हे तिला कुणी शिकवावे लागत नाही. 'आसरा' हा शब्द 'अप्सरा'चाच अपभ्रंश, पण तो स्वर्ग सोडून विहिरीवर येऊन बसला. यापुढे भाषांतरकारांनी नायडला आसराच म्हणावे. इंद्राच्या दरबारात तिचे काही काम नाही.