घेणाऱ्याचे देणे

२२ मे १९९७ रोजी पहाटे चार वाजून गेल्यावर जबलपूर शहर आणि त्याचा परिसर भूकंपाने हादरला. भूकंपाची तीव्रता सुमारे ५.८ होती. चाळीसच्या आसपास माणसे दगावली. शहरातल्या जुन्या वस्त्यांमध्ये आणि कोसमघाटसारख्या जवळच्या खेड्यांमध्ये असंख्य घरे निकामी झाली. साडेतीन वर्षांपूर्वीच्या किल्लारीची आठवण महाराष्ट्रात अजून ओली होती. तिच्या तुलनेत ही हानी लहान मानली गेली आणि देशाच्या स्मरणातून हा भूकंप लवकरच ओसरला. परंतु ज्याचे छप्पर खाली येते, त्याला आकड्यांच्या तुलनेत दिलासा मिळत नाही.

रिछाई ही जबलपूरची औद्योगिक वसाहत. कारखान्यांच्या आधाराने तेथे मजुरांची घरे उभी राहिली होती. मातीच्या नाही तर कच्च्या विटांच्या भिंती आणि वर कवेलूंचे छप्पर. जबलपुरातील आम्ही काही मराठी मंडळी भूकंपानंतर तिसऱ्या दिवशी धान्य, चादरी आणि ताडपत्र्या घेऊन तेथे गेलो. उन्हाळा ऐन भरात होता. लोकांनी खाटा उघड्यावर मांडल्या होत्या. ज्यांची घरे धड होती, तेही पुन्हा धक्का बसेल या धास्तीने आत झोपत नव्हते. एका घराची पुढची भिंत पूर्ण कोसळली होती. त्या घरातील बाईने आमच्याकडून धान्याची पिशवी घेतली, बाजूला ठेवली आणि तीन विटांच्या चुलीवर भांडे चढवीत म्हणाली, "भैया, चाय पीकर जाइए."

आम्ही नाही म्हटले. तिच्याजवळ दूध किती असणार, साखर किती असणार, असा विचार आमच्या मनात होता आणि तो खोटा नव्हता. शिवाय पुढे आणखी घरे करायची होती. तिने पुन्हा आग्रह केला, आम्ही पुन्हा हात जोडले. मग तिने भांडे उतरवून ठेवले. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. परंतु पिशवी घेताना जी ताठ उभी होती, ती बाई त्या क्षणी थोडी वाकल्यासारखी मला वाटली. आम्ही तिच्यावर दया केली होती, आणि दया करताना तिच्यापासून काहीतरी काढून घेतले होते. ते नेमके काय, हा प्रश्न पुढे अनेक वर्षे माझ्याबरोबर राहिला. प्रस्तुत विवेचन त्याच प्रश्नाचे आहे.

दानाविषयी आपल्या परंपरेने पुष्कळ विचार केला आहे. गीतेच्या सतराव्या अध्यायात सात्त्विक दानाचे लक्षण सांगताना, जो उलट उपकार करू शकणार नाही अशाला दिलेले दान श्रेष्ठ मानले आहे. देणाऱ्याच्या दृष्टीने हा उपदेश उदात्तच आहे. त्याच्या मनातील व्यवहार त्यामुळे धुतला जातो. परंतु हा सारा विचार देणाऱ्याच्या शुद्धीचा आहे. घेणाऱ्याचे काय होते, हा प्रश्न तेथे उपस्थित होत नाही. परतफेडीची अपेक्षा न ठेवणे हा देणाऱ्याचा गुण खरा. परंतु परतफेडीची वाटच बंद करणे हा गुण म्हणता येईल काय? विनोबांनी भूदानाच्या काळात दान म्हणजे उपकार नव्हे, तर समान विभागणी, असा अर्थ आग्रहाने मांडला, तो बहुधा याच अडचणीतून. मार्सेल मोस या फ्रेंच समाजशास्त्रज्ञाने १९२५ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या निबंधात अनेक प्राचीन समाजांमधील देणग्यांच्या रीती तपासून असे दाखविले, की देणे, स्वीकारणे आणि परत देणे ही तीन बंधने एकत्र नांदतात. यांतले तिसरे बंधन जेथे पुरे होऊ शकत नाही, तेथे घेणारा देणाऱ्यापेक्षा खाली उतरतो.

हे समजण्यासाठी वस्तुतः दूर जाण्याची गरज नाही. महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांत इर्जिकीची जुनी चाल आहे. एखाद्याची नांगरणी किंवा पेरणी अडली, की गावातले शेतकरी आपापली बैलजोडी घेऊन त्याच्या शेतात उतरतात आणि दिवसभरात काम उरकतात. मजुरी कोणी मागत नाही. मात्र त्या दिवशीचे जेवण ज्याचे काम झाले त्याच्या घरचे असते. तो गरीब असेल तर जेवण साधे असेल. पण ते नको, असे कोणी म्हणत नाही. त्या जेवणाने श्रमांची किंमत फिटते असे मुळीच नाही. त्याने फिटतो तो कमीपणा. सकाळी ज्याच्या दारी लोक मदतीला आले, तो संध्याकाळी पंगतीचा यजमान असतो. रिछाईच्या त्या बाईचा चहा ही इर्जिकच होती. आम्ही बैल घेऊन शेतात उतरलो आणि पंगतीला न बसता परतलो.

ही गोष्ट एका चहापुरती राहिली असती, तर तिच्यावर इतके लिहिण्याचे कारण नव्हते. परंतु मोठ्या पुनर्वसनातही हाच दोष मोठ्या प्रमाणावर घडतो. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणेशविसर्जन करून गावे नुकतीच झोपली असताना, लातूर आणि उस्मानाबाद (आताचा धाराशिव) या जिल्ह्यांत भूकंप झाला आणि सुमारे आठ हजार माणसे मृत्युमुखी पडली. दगडमातीच्या जाड भिंती आणि माळवदाचा भार यांनीच माणसांना गाडले. त्यानंतर जे उभे राहिले, त्याला जगात फार थोड्या तुलना आहेत. ५२ गावे संपूर्णपणे नव्या जागी वसविण्यात आली. कुटुंबाची जमीन किती, यावरून २५०, ४५० आणि ७५० चौरस फुटांची घरे ठरली. रस्ते रुंद झाले, आखणी काटकोनात झाली. भूकंपाच्या दृष्टीने ही घरे निःसंशय अधिक सुरक्षित होती, आणि ते लहान श्रेय नव्हे.

तथापि या गावांत राहायला गेलेल्या माणसांना जे चुकल्यासारखे वाटत राहिले, ते घराच्या आत नव्हते. जुन्या गल्लीत दार उघडले की समोर शेजारणीचे दार होते. ओसरीवर बसले की जाणारा-येणारा थांबत होता. नव्या आखणीत दारांमधले अंतर वाढले, ओसरी उरली नाही, आणि अनेक ठिकाणी घराच्या आकारानुसार शेजार ठरल्याने पिढ्यांचे शेजारी पांगले. ओसरी ही केवळ बांधकामातील एक जागा नव्हती. दुसऱ्याला बसा म्हणण्याची ती जागा होती. जी माणसे आयुष्यभर यजमान होती, ती नव्या घरात लाभार्थी म्हणून आली. 'लाभार्थी' या शब्दात पाहुण्याला जागा नाही.

त्याच भूकंपाच्या दुसऱ्या अंगाने मात्र वेगळे काही शिकविले. जी गावे हलविली गेली नाहीत, तेथील सुमारे दोन लाख घरांची दुरुस्ती आणि मजबुतीकरण घरमालकांनी स्वतः करावे, शासनाने पैसा, साहित्य आणि तांत्रिक सल्ला पुरवावा, अशी योजना झाली. या कामात 'स्वयं शिक्षण प्रयोग' या संस्थेने शेकडो गावांतील महिला मंडळांना पुढे आणले. गावातल्याच स्त्रिया संवाद सहायक म्हणून नेमल्या गेल्या. ज्यांना तोवर ग्रामसभेत बोलण्याची सवय नव्हती, त्या भिंतीचे कोपरे कसे सांधावेत, सिमेंट किती लागते, हप्ता कोणाचा अडला, हे अभियंत्यांना विचारू लागल्या. आणि पुढे २६ जानेवारी २००१ रोजी कच्छमध्ये भूकंप झाला, तेव्हा लातूर भागातील स्त्रिया तेथे गेल्या. आम्ही यातून गेलो आहोत, हे त्यांना सांगता आले. पैशाने त्या गरीबच होत्या. पण आता त्यांच्याजवळ देण्यासारखे काही होते. पुनर्वसन पूर्ण झाले हे कशावरून ओळखावे, असे कोणी विचारले, तर मी घरांची संख्या सांगणार नाही. या स्त्रियांचा कच्छचा प्रवास सांगेन.

भूकंपात निदान भिंतीचे दगड तरी मागे राहतात. आग तेवढेही ठेवीत नाही. ७ फेब्रुवारी २००९ रोजी ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्यात वणव्यांनी १७३ माणसांचा बळी घेतला आणि दोन हजारांहून अधिक घरांची राख केली. किलमोर ईस्ट येथील बटलर या शेतकरी दांपत्याच्या शेताची कुंपणे त्या आगीत जळाली. मेंढ्यांच्या शेतीला कुंपण नसेल तर काहीच उरत नाही. शेजारी आणि अनोळखी लोक मदतीला आले आणि कुंपण थोड्या दिवसांत उभे राहिले. तेव्हा त्या दोघांनी ठरविले, की आता इतरांची कुंपणे बांधायची. त्यातून 'ब्लेझएड' ही स्वयंसेवी चळवळ जन्मली. तिचे स्वयंसेवक शेतकऱ्यासाठी काम करीत नाहीत, शेतकऱ्याबरोबर काम करतात. भाषा वेगळी, भूमी वेगळी; पण आपल्या इर्जिकीचेच हे रूप आहे. मदत ज्याच्यापर्यंत पोहोचली, त्याच्यापाशी ती थांबली नाही, म्हणून ती त्याला खाली ओढू शकली नाही.

येथे एक आक्षेप घेतला जाईल आणि तो गंभीर आहे. आपदग्रस्तांच्या स्वाभिमानाचे असे गोडवे गायले, तर शासनाला अंग काढून घेण्यास निमित्त मिळणार नाही काय? तुम्ही समर्थ आहात, असे म्हणत रिकामे हात दाखविणे फार सोपे असते. म्हणून येथे एक भेद स्पष्ट केला पाहिजे. शासनाकडून मिळणारे घर, नुकसानभरपाई, औषध ही देणगी नव्हे. तो नागरिकाचा हक्क आहे. हक्काची परतफेड नसते आणि त्याबद्दल हात जोडून उभे राहण्याचेही कारण नाही. शेजाऱ्याची मदत ही मात्र नात्याची गोष्ट आहे, आणि नाते एका बाजूने चालत नाही. हक्काच्या ठिकाणी कृतज्ञता मागणे आणि नात्याच्या ठिकाणी ती नाकारणे, या दोन्ही चुका आपण सारख्याच सहजतेने करतो. पहिल्या काही तासांत, ढिगाऱ्याखालून माणूस काढताना, हा विचार करायला अर्थातच सवड नसते. पण ते तास लवकर संपतात, आणि पुढची वर्षे लांब असतात.

आणखी एक गोष्ट मला फार उशिरा सुचली. आपल्या समाजात एखाद्याच्या हातचे नाकारणे ही कधीच साधी गोष्ट नव्हती. पिढ्यान्‌पिढ्या काही माणसांच्या हातचे पाणी चालत नव्हते. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर जो सत्याग्रह झाला, त्याच्या मुळाशी पाण्याहून अधिक माणूसपणाचा प्रश्न होता. रिछाईच्या त्या बाईची जात मला ठाऊक नाही, आम्ही ती विचारलीही नव्हती. आमचा नकार काळजीपोटी होता, असे मी आजही म्हणेन. परंतु नाकारलेल्या भांड्याला काळजी आणि तुच्छता यांतला फरक कसा कळावा? नकार देणाऱ्याच्या मनात काय होते, हे त्याच्या मनातच राहते. समोरच्याच्या हातात राहते ते न उतलेले भांडे.

पुढच्या आठवड्यात मी त्या वस्तीत पुन्हा गेलो. तिच्या घरापुढे बांबूच्या आधाराने ताडपत्री ताणलेली होती आणि शेजारचे दोघे तिच्या नवऱ्याबरोबर विटा रचीत होते. चुलीवर चहा होता; तो त्यांच्यासाठी होता. मला पाहून ती ओळखीचे हसली, परंतु या वेळी तिने मला चहा विचारला नाही. विचारण्याचे तिला कारणही नव्हते. मी थोडा वेळ उभा राहिलो आणि शेवटी स्वतःच म्हणालो, "बहनजी, आज चाय मिलेगी?" तिने उत्तर दिले नाही. एक पेला पदराने पुसला, भरला आणि माझ्या हातात दिला. दूध थोडे होते, साखर जास्त होती. तिने मला बसायला एक वीट सरकवून दिली.