कोरे म्यान

जालन्याहून मंठ्यावरून जिंतूरकडे जाताना वाटेत देवगाव फाटा लागतो. सेलूचा रस्ता येथूनच फुटत असल्याने गाडी बदलणाऱ्यांना येथे ताटकळावे लागते. काही वर्षांपूर्वी अशाच एका दुपारी मी फाट्यावरच्या एका वृद्ध चर्मकाराकडे चपलेचा अंगठा शिवून घेत बसलो होतो. तेवढ्यात बंदोबस्तावरचे एक तरुण फौजदार तेथे आले. त्यांच्या कमरेचे पिस्तुलाचे कातडी म्यान, ज्याला पोलीस होल्स्टर म्हणतात, अगदी कोरे होते. इतके ताठ, की आत गेलेले हत्यार सहजी बाहेर येईना.

"मामा, जरा तेल लावून मऊ करून द्या," ते म्हणाले.

"तेल चपलेला, साहेब. याला लावलं तर ढिलं पडंल. मग पळताना हत्यार रस्त्यात."

म्हातारबुवांनी सांगितलेला उपाय निराळा होता. पिस्तूल गोळ्या काढून पूर्ण रिकामे करावे, पातळ प्लॅस्टिकमध्ये गुंडाळावे, हळूहळू दाबून म्यानात बसवावे आणि रात्रभर तसेच ठेवावे. सकाळी जितक्या वेळा बाहेर काढाल तितक्याच वेळा परत घाला. बाभळीच्या सालीने वा हिरड्याने कमावलेल्या चामड्याचा स्वभाव कोल्हापुरी वहाण घालणारा प्रत्येक जण जाणतो. ती आधी चावते, मग त्याच पायाची होते. मात्र वहाण सैलावली तर बिघडत नाही. म्यान फार घट्ट असेल तर ऐन वेळी दगा देईल, फार सैल असेल तर राखण कसली? आणि शस्त्र कायमचे चामड्यात ठेवले तर दमटपणाने ते गंजते, हेही त्यांनी बजावले.

फौजदार क्षणभर घुटमळले. मग हलक्या आवाजात म्हणाले, "परवा गर्दीसमोर माझा हात याच्यावर गेला होता. हत्यार निघालंच नाही. तोवर लोक पांगले. आता या कातड्यावर रागवू, की त्याचे आभार मानू, तेच कळत नाही."

त्यांचा प्रश्न गाडीत बसल्यावरही माझ्या मनातून जाईना.

ताठ कातड्याने एक जीव वाचवला असेल, असे म्हणण्याचा मोह होतो. परंतु तो टाळला पाहिजे. त्या गर्दीत कोणी एखाद्या लेकरावर कोयता उगारला असता, तर तोच विलंब घातक ठरला असता. कातड्याला विवेक नसतो. इतरांच्या जिवाची जबाबदारी ज्याच्यावर आहे त्याच्यासाठी बचाव हे गंभीर कर्तव्य ठरू शकते, असे १९९२ साली प्रसिद्ध झालेला ख्रिस्तसभेचा धर्मशिक्षणग्रंथ सांगतो. तेराव्या शतकात संत थॉमस अक्विनास यांनी स्वसंरक्षणाला मर्यादा घातली ती अशी: बचावाला लागेल त्याहून अधिक बळ वापरले, तर ते कृत्य अन्यायाचे होते. आपल्या देशाचा कायदाही स्वसंरक्षणाचा हक्क देताना हीच सीमा आखतो. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री गिरगाव चौपाटीवर तुकाराम ओंबळे हाती फक्त लाठी असताना कसाबच्या बंदुकीला भिडले आणि गोळ्या अंगावर घेऊनही त्यांनी ती सोडली नाही. कसाब जिवंत पकडला गेला. त्या क्षणी घुटमळणे पाप ठरले असते.

मग अडखळावे कोणी? मला वाटते, कातड्याने नव्हे, माणसाने. म्यान सरावले पाहिजे, हात सरावता कामा नये. आणि अडचण अशी की दोघांचा सराव एकाच वेळी होत जातो. आपल्या घरांत पिस्तूल नसते म्हणून हा प्रश्न परका समजू नये. लेकरावर पहिल्यांदा हात उगारताना बाप थबकतो. दहाव्यांदा थबकत नाही, आणि त्यालाच तो शिस्त म्हणू लागतो.

गेथशेमाने बागेत पेत्राची तलवार फार सहज निघाली होती. मल्खाचा कान गेला तेव्हा येशूने त्याला तलवार म्यानात परत घालायला सांगितले, असे संत योहान लिहितो. ती फेकून दे म्हटले नाही, म्हणून शस्त्र बाळगण्याला संमती मिळाली, असा अर्थ काही जण काढतात. मला तो ओढूनताणून काढलेला वाटतो. माझे लक्ष 'परत' या शब्दापाशी थांबते. होल्स्टर घेताना हत्यार किती झटकन निघेल हे आपण पाहतो. ते किती सहज परत जाईल, हे कोण पाहतो? फाट्यावरच्या म्हातारबुवांनी ते पाहिले होते. काढणे आणि घालणे त्यांनी एकाच मापाने मोजले होते.

त्या दिवशी फौजदारांनी पैसे पुढे केले, तर म्हातारबुवा म्हणाले, "काम केलंच न्हाई, पैसे कशाचे?" आणि माझी चप्पल पुन्हा हाती घेतली. सेलूची गाडी आली. खिडकीतून पाहिले, तर जीपच्या आडोशाला उभे राहून फौजदार म्यानाचे ताठ झाकण अंगठ्याने दाबून लावत होते. ते अजून नीट लागत नव्हते.