फेड आणि सूड

उपकाराची फेड आणि अपकाराची परतफेड या परस्परविरुद्ध गोष्टी इंग्रजांनी ‘पे बॅक’ या एकाच प्रयोगात सामावल्या; आणि आपणही ऋण, पांग व नवस ज्या क्रियापदाने फेडतो, त्याच्याच आश्रयाला वैर आणून बसविले. दोहोंच्या मुळाशी बाकी चुकती करण्याची एकच वृत्ती असल्यामुळे हे घडले असावे. मग भेद ओळखावा कसा? माझ्या मते, कर्त्याच्या मनातील क्षोभावरून नव्हे, तर वसुली कोणाच्या पदरी पडली यावरून.

संताजी घोरपड्यांनी अमृतराव निंबाळकरांस ठार केले, त्याचा सूड मेहुणे नागोजी माने यांनी १६९७ मध्ये संताजींचा वध करून घेतला. खाते बेबाक झाले खरे, परंतु स्वराज्याने आपला अद्वितीय सेनापती गमावला आणि औरंगजेबाचा एक मोठा शत्रू आपोआप नाहीसा झाला.

करवीरच्या छत्रपती शाहू महाराजांचे उदाहरण अधिक विचारार्ह आहे. १८९९ मध्ये पंचगंगेवरील कार्तिकस्नानाच्या वेळी त्यांच्यासाठी वेदोक्त मंत्रांऐवजी पुराणोक्त मंत्र म्हटले जातात हे उघड झाले आणि वेदोक्ताचा वाद पेटला. सेवेस नकार देणाऱ्या राजोपाध्यांचे वतन महाराजांनी खालसा केले. त्या कृतीत क्षोभ नव्हता, असे मी म्हणणार नाही. परंतु २६ जुलै १९०२ रोजी, महाराज एडवर्ड बादशहांच्या राज्यारोहणासाठी विलायतेत असताना, रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी निम्म्या मागासलेल्या वर्गांना देण्याचा जो हुकूम निघाला, त्यालाही विरोधकांनी सूडच म्हणावे, हा मला घोर अन्याय वाटतो. महाराजांनी १८९४ मध्ये अधिकारसूत्रे हाती घेतली तेव्हा दरबारच्या ७१ अधिकाऱ्यांपैकी ६० ब्राह्मण होते. म्हणजे हे देणे अपमानापूर्वीच थकलेले होते. शिवाय हुकुमाने ब्राह्मणांबरोबर प्रभू, शेणवी आणि पारशी यांनाही सवलतीबाहेर ठेवले. वेदोक्ताच्या तंट्याशी पारशांचा काय संबंध? आणि ज्यांना वेदमंत्रांशी काहीच कर्तव्य नव्हते, त्या मुसलमानांना सवलत मिळाली ती कोणत्या वैरापोटी? १९०१ मध्ये मराठा व जैन विद्यार्थ्यांची, १९०६ मध्ये मुसलमानांची आणि १९०८ मध्ये अस्पृश्यांची वसतिगृहे कोल्हापुरात निघाली. या मुलांचा महाराजांच्या मानापमानाशी सुतराम संबंध नव्हता, पिढ्यान्‌पिढ्यांचे येणे मात्र त्यांचे होते.

आज महाराजांचे नाव घेऊन जे कोणी एखाद्या जातीवर उट्टे काढू पाहतात, त्यांनी तो हुकूम एकदा मुळातून वाचावा. मागासलेल्या वर्गांतील शिक्षणाच्या प्रयत्नांना अपेक्षित यश आले नाही, या खेदाने त्याचा आरंभ होतो. वेदोक्ताचा त्यात उल्लेखही नाही.