शाहीर आपला, सवाल कुणाचे?

बार्शीचे मेहबूब हुसेन पटेल, म्हणजेच शाहीर अमर शेख (१९१६-१९६९), यांचे नाव आपल्या संमेलनांतून अभिमानाने घेतले जाते. घ्यायलाच हवे. १९४४ साली अण्णाभाऊ साठे, द. ना. गवाणकर आणि अमर शेख यांनी लाल बावटा कलापथक उभे केले. गिरणगावात आणि पुढे संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात त्यांचा खडा आवाज घुमला. पण नाव आपल्यातले म्हणून वारसाही आपलाच होतो का, हा प्रश्न आम्हाला सतावतो.

या मंडळींनी तमाशाचा जुना घाट बदलला. गणात देवाऐवजी मातृभूमीला आणि कष्टकऱ्यांना वंदन आले, गौळण गळाली, वगात शोषण करणारा उघडा पडला. सोंगाड्याचे बोलणे पुढच्या रांगेत बसलेल्या पाटलालाही झोंबावे, ही तर तमाशाची जुनीच रीत.

आता समजा, असे एखादे पथक उद्या आपल्या मोहल्ल्यात आले. दंगलीवर, मुसलमानाला घर नाकारणाऱ्या मालकावर वग केला तर आपण टाळ्या वाजवू. ती दुःखे खरीच आहेत. पण वगात भाऊच बहिणीकडून हक्कसोडपत्रावर अंगठा घेताना दिसला तर? कुरआनने मुलीचा वाटा ठरवून दिला आहे. मुलाच्या निम्मा, पण ठरवून. 'माहेर तुटेल' या धाकाने तो सोडायला लावणारे आपणच. किंवा बिरादरी विचारून सोयरीक मोडणारे हाजीसाहेब रंगमंचावर आले तर? लगेच ओरड होईल, समाजाची बदनामी! बाहेरचे टपून बसलेले असताना घरातले उणे चव्हाट्यावर का आणायचे, हे म्हणणे अगदीच पोकळ नाही. परंतु त्या बहिणीने थांबायचे तरी कुठवर? आणि बदनामी हक्क बुडवल्याने होते की बुडवलेला दाखवल्याने?

जन नाट्य मंचाचे सफदर हाश्मी यांच्यावर १ जानेवारी १९८९ रोजी साहिबाबादजवळ झंडापूरला, कामगारांसमोर 'हल्ला बोल' चालू असताना हल्ला झाला. दुसऱ्या दिवशी ते गेले. ४ जानेवारीला त्यांच्या पत्नी मलयश्री यांनी साथीदारांसह तिथेच जाऊन ते नाटक पूर्ण केले. याच मंचाने १९७९ साली 'औरत' हे पथनाट्य केले होते. मालकाविरुद्ध कामगारांच्या बाजूने उभे राहणाऱ्या या मंडळींनी त्यात घरातल्या बाईची कोंडीही मांडली.

असे काही आपल्याकडे व्हायचे तर बायकांनी बसायचे कुठे, हे आधी ठरवावे लागेल. शादीखान्यात मागे पडदा बांधून भागणार नाही. हक्कसोडपत्रावर अंगठा देणारी समोर बसलेली हवी, आणि तिचा भाऊ तिच्या शेजारी.